दप्तरमहालाच्या एकशे बारा दारांची बखर

श्री. उंबरठ्यास नमस्कार, चौकटीस नमस्कार, आणि आत गेलेल्यास सुखरूप बाहेर आणणारी जी कोणी देवता असेल तीस दोन वेळा नमस्कार. शके एकोणीसशे चाळीस, विलंबीनाम संवत्सरे, आषाढ शुद्ध द्वितीया, ते दिवशी दप्तरमहालाच्या पहिल्या दारी चुंबक बसला. चुंबक एक वीत लांब, दोन बोटे रुंद, चौकटीच्या माथ्यावर. आणि समोर दाराच्या फळीस तितकीच लोखंडी पट्टी. वीज असता दोहोंमध्ये धरलेले वहीचे पान ओढू गेले तर फाटे, परंतु निघत नसे. आणि वीज तोडली की तेच पान आपोआप गळून खाली पडे. सगुणाबाई रेगे यांनी हा प्रयोग एकवीस वेळा केला, एकवीस पाने जमिनीवर पडली, आणि मग त्यांनी ती गोळा करून, सारखी करून, बाविसाव्या पानावर लिहिले, "दार पहिले. धरते. सोडतेही."

राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. सगुणाबाई म्हणजे त्या राज्याच्या वीजकामाच्या मुख्य. परमुलखी सहा वर्षे विद्युत्शास्त्र शिकून आलेल्या. बोलणे थोडे आणि मोजणे फार. त्यांस हे काम कैसे आले तर ऐसे की जुन्या दप्तरखान्यास कुलपे होती, आणि सर्व किल्ल्यांचा जुडगा पिराजी नाईक द्वारपाल यांच्या कमरेस असे, आणि नाईक चालू लागले म्हणजे साऱ्या दप्तरास कळे की नाईक आता कोठे आहेत, आणि म्हणून ज्यास कागद पळवावयाचा तो आवाज दूर गेला की खुशाल पळवी. मग एके दिवशी आईसाहेबांनी, म्हणजे महाराजांच्या मातोश्रींनी, बाजारातून शेव आणविली, आणि ती ज्या कागदात बांधून आली तो उलगडून पाहता महाराजांच्या पणजोबांची सनद निघाली, शिक्क्यासकट. आईसाहेब बोलिल्या, "शेव चांगली आहे. सनदेला तेल लागलंय." इतक्यावर पाच मजली नवा दप्तरमहाल उभा राहिला, त्यास एकशे बारा दारे ठेविली, आणि ठरले की किल्ली नको, प्रत्येकास एक कार्ड द्यावे, कार्ड दाखविले म्हणजे दाराने माणूस ओळखावा आणि ओळख पटली तर सोडावे. पिराजी नाईक जुडगा सोडून ठेविते समयी म्हणाले, "बाईसाहेब, चाळीस वर्षं मी माणूस ओळखून दार उघडलं. आता ही डबी ओळखणार?" सगुणाबाई बोलिल्या, "डबी चेहरा ओळखत नाही, नाईक. कार्ड ओळखते. चेहरे तुम्हालाच ओळखायचेत." तेव्हा नाईक संतोष पावले, आणि त्या दिवसापासून शिडी धरण्यास आपण होऊन येऊ लागले.

आता दार घालण्याचे शास्त्र ऐसे आहे की आत येण्याचा मार्ग आणि बाहेर जाण्याचा मार्ग हे एकाच दारातून गेले तरी दोन मार्ग समजावे. आत येणारास दाराने विचारावे, कोण तुम्ही, काय काम. बाहेर जाणारास काही विचारू नये. त्याने एका हाताने ढकलावे आणि जावे, मग तो कारकून असो, पाहुणा असो, की ज्यास वाचता येत नाही ऐसा पाणक्या असो. आणि आगीची घंटा वाजली तर चुंबकाची वीज घंटेच्या पेटीतूनच तुटावी, मध्ये कोणत्याही शहाण्या यंत्राची परवानगी लागू नये. आणि तेही न घडले तर दारापाशी एक हिरवी डबी असावी, तिजवर पातळ काच, ती अंगठ्याने दाबली की चुंबक मेला पाहिजे. हे सर्व सगुणाबाईंनी दीड पानात लिहून दिवाण हरबाजीपंत यांजपुढे ठेविले. हरबाजीपंत हे मनाने वाईट नव्हते. कागद हरवू नये, माणूस पळू नये, आणि जो माणूस चहास जातो तो कितव्या वेळी जातो हे समजावे, इतकीच त्यांची इच्छा. त्यांनी दीड पान वाचिले, चष्मा काढिला, आणि बोलिले, "सगुणाबाई, आत येताना कार्ड, हे ठीक. पण बाहेर जाताना काहीच नाही? मग हे दार कसलं? हा तर पडदा झाला." सगुणाबाई म्हणाल्या, "आतून पडदाच हवा, दिवाणजी." "आणि दुपारी तीनला निम्मं दप्तर भजी खायला जातं, ते मी कसं पकडू?" "भजी इथेच करवा." दिवाणांस हसू आले, ते त्यांनी दाबिले, आणि म्हणाले की बाहेर जाण्यासही कार्ड लागेल, आणि हजेरीचे यंत्र मी मागविले आहे, त्याची तार तुमच्या चुंबकास जोडावी. सगुणाबाई म्हणाल्या, जोडणार नाही. मग दोघेही महाराजांकडे गेले.

महाराज स्वभावे गोड, प्रजेवर माया फार, परंतु निकाल देत नसत. त्यास कारण होते. गादीवर बसले तेव्हा वय अठरा, आणि पहिल्याच सकाळी न्याहारीस पेरूची फोड खाऊन ते सहज बोलिले, "पेरू छान लागतो." ते शब्द खाली उतरता उतरता हुकूम झाले, आणि आठव्या दिवशी महाराज खिडकीतून पाहतात तो वाड्यामागील आमराई सपाट आणि जागोजाग पेरूची रोपे. महाराज त्या दिवशी जेवले नाहीत. तेव्हापासून कोणी काहीही विचारले तरी महाराज मान तिरकी करून म्हणत, "पाहू." आणि कारकून वहीत लिही, "हुजूर पाहतील." तैसेच याही समयी झाले. दिवाण बोलिले, सगुणाबाई बोलिल्या, महाराजांनी दोघांचे नीट ऐकिले, सगुणाबाईंस एक प्रश्नही विचारिला, तो असा की "वीज गेली की दार सुटतं, मग चोर वीजच घालवणार नाही का?" प्रश्न चांगला होता. सगुणाबाई बोलिल्या, "महाराज, म्हणून तिजोरीच्या दाराला वेगळं कुलूप दिलंय, ते वीज गेली तरी बाहेरून बंदच राहतं, पण आतल्या माणसाने मूठ फिरवली की उघडतं. चोराला थांबवायला शंभर उपाय आहेत. आत अडकलेल्याला एकच." महाराज म्हणाले, "खरं आहे." सगुणाबाईंनी वही उघडिली. महाराज म्हणाले, "पाहू."

श्रावण गेला, भाद्रपद गेला, दिवाळी झाली, आणि एकेक करून दारे उभी राहिली, आणि सगुणाबाई दर सोमवारी हुजुरात जात आणि दर सोमवारी "पाहू" घेऊन परत येत, आणि वहीत "हुजूर पाहतील" याची एक ओळ वाढे. आणि दिवाणांनी असा अर्थ लाविला की हुजुरांनी नाही म्हटले नाही तोवर दिवाणीचा कायदा चालेल. मग परगावचे कारागीर आणवून त्यांनी घंटेची तार काढून हजेरीच्या यंत्रातून फिरविली, आणि यंत्रास शिकविले की घंटा वाजली म्हणजे आधी हजेरी घ्यावी, त्या दालनात जितकी कार्डे आली तितकी सर्व दारास दाखविली गेली म्हणजे मग दार सोडावे, म्हणजे गोंधळात कोणी कागद घेऊन निसटणार नाही. सगुणाबाई म्हणाल्या, "आग लागल्यावर हजेरी?" दिवाण म्हणाले, "तेव्हाच तर कळतं कोण कुठे होतं." आणि तिसऱ्या मजल्यावरील मोठ्या दालनात दारापाशी जी हिरवी डबी, ती दिवाणांस डोळ्यांत खुपली, एवढ्या शिसवी चौकटीशेजारी हे काय हिरवे, असे म्हणून त्यांनी तिजवर महाराजांची तसबीर लटकाविली, चार हात उंच. आणि त्या राज्याची रीत ऐसी की तसबीर म्हणजे साक्षात हुजूर. तिजपाशी दोन भालदार उभे, आणि हुजुरांच्या हुकुमावाचून तीस कोणी हात लावू नये. डबीची तार मात्र कोणी तोडिली नाही, कारण झाकलेली वस्तू संपली असे दिवाणांस वाटले. सगुणाबाईंनी ते पाहिले आणि वहीत लिहिले, "डबी झाकली. तार शाबूत."

त्यांच्या हाती एकच गोष्ट उरली, ती सही. महाल माणसांस राहण्याजोगा आहे ऐशा दाखल्यावर वीजकामाच्या मुख्यांची सही झाल्यावाचून तेथे दप्तर जाऊ शकत नव्हते, आणि सगुणाबाई सही करीत नव्हत्या. ज्येष्ठ शुद्ध पंचमीस वास्तुशांत ठरली, शके एकोणीसशे एक्केचाळीस लागला होता, आणि दिवाणांनी बोलावून सांगितले, "बाई, वास्तुशांतीच्या संध्याकाळपर्यंत सही द्या. नाहीतर शेजारच्या संस्थानातले एक गृहस्थ यायला तयार आहेत. ते न बघता सही करतात." सगुणाबाई म्हणाल्या, "ऐकून आहे. न बघता केल्यामुळेच त्यांची सही इतकी सरळ येते." परंतु घरी जाताना त्यांस हसू आले नाही. आपण गेलो तर तो गृहस्थ येईल, सही होईल, आणि मग सहाशे माणसे रोज सकाळी त्या दारांतून आत जातील, हे त्या चालता चालता मोजीत होत्या, आणि हिशेब दर वेळी तोच येत होता.

वास्तुशांतीच्या सकाळी सगुणाबाईंनी वेदमूर्ती नरहरभट यांस विनविले की होम अंगणात करावा, दालनाच्या छतास धूर हुंगणारी यंत्रे आहेत. नरहरभट म्हणाले, "बाई, वास्तूची शांत वास्तूच्या मध्यावर. अंगणात केली तर अंगणाची शांत होईल." सगुणाबाई म्हणाल्या, "तूप बेताने घाला." भटजी म्हणाले, "बेताने तूप घालणारा भट तुम्ही पाहिलात का कधी?" तेव्हा सगुणाबाई दालनात जाऊन दारापाशी, तसबिरीच्या पायाशी उभ्या राहिल्या, आणि पिराजी नाईक त्यांच्या शेजारी. सर्व दरबार आला, प्रत्येकाने कार्ड दाखविले. महाराजांचे कार्ड महाराजांपाशी नव्हते, कारण राजाने आपल्या हाती काही बाळगू नये ऐसी रीत. त्यांचा रुमाल, अत्तर, चष्मा आणि आता कार्ड हे सर्व चांदीच्या तबकात, आणि तबक घेऊन हुजऱ्या सदैव महाराजांच्या पुढे दहा पावले चाले. होम झाला, आरती झाली, महाराज उठले, आणि हुजऱ्या रीतीप्रमाणे दहा पावले पुढे निघाला, आपले कार्ड दाखवून दाराबाहेर गेला, आणि दार मिटले. महाराज दहा पावले मागे होते. आणि त्याच क्षणी नरहरभटांनी पूर्णाहुतीचे उरलेले तूप, वाया कशास घालवावे म्हणून, सगळेच्या सगळे अग्नीत ओतिले.

धूर खांबासारखा वर गेला, छतास लागला, पसरला, आणि घंटा वाजली. ऐसी वाजली की पाच मजल्यांचे पारवे एकदम उडाले. दाराने धरले ते धरले. यंत्राच्या पाटीवर तांबडी अक्षरे आली, "कार्डे दाखवा." मग दरबार दारापाशी रांग लावू लागला, आणि तेथे मानपान निघाला, फडणीस म्हणाले आधी आम्ही, पोतनीस म्हणाले आमच्या आजोबांपासून पहिला मान आमचा, आणि आईसाहेब खोकत म्हणाल्या, "अरे, मेल्यावर मान घ्या, आधी कार्डं दाखवा!" सत्तर कार्डे दाखविली, आणि पाटीवर आले, "एक उणे." दिवाणांच्या कपाळी घाम. त्यांनी हजेरीची वही काढिली आणि मोठ्याने नावे घेऊ लागले, आणि जो तो हजर म्हणू लागला, आणि शेवटी सवयीने त्यांच्या तोंडून गेले, "श्रीमंत महाराज?" आणि महाराज, शाळेतल्या मुलाने म्हणावे तैसे, म्हणाले, "हजर." तेव्हा सर्वांस उमजले. दाराबाहेरून हुजऱ्याचा रडवेला आवाज आला, "सरकार, कार्ड इथं आहे! तबकात! मी दहा पावलं पुढं आहे!" फडणीस हसू लागले आणि हसता हसता खोकू लागले, आणि मग हसणे थांबले, कारण धूर छतापासून हातभर खाली आला होता.

सगुणाबाई मोजीत होत्या. पिराजी नाईक कानाशी म्हणाले, "बाईसाहेब, नुसती मान हलवा. तसबीर खाली काढतो. डोकं गेलं तर गेलं. नवं पागोटं घरी ठेवूनच आलोय." सगुणाबाईंनी वर पाहिले, धुराचा वास घेतला. तूप आणि समिधा. लाकडी सामान नाही, कागद नाही. होमकुंडावर नरहरभट स्वतः ओले पंचे टाकीत होते. त्या म्हणाल्या, "थांबा, नाईक. पाच पळं आपल्या हातात आहेत. सहावं लागलं की मी विचारणार नाही, तुम्हीही विचारू नका." त्या पाच पळांत, म्हणजे नव्या घड्याळाने दोन मिनिटांत, काय घडावे हे त्यांच्या हाती नव्हते. मग महाराज स्वतः गर्दीतून दारापाशी आले आणि म्हणाले, "बाई, दार का उघडत नाही?"

सगुणाबाई बोलिल्या, आवाज न चढविता, "महाराज, कारण बाहेर जाणाऱ्याला काही विचारायचं की नाही, हे अकरा महिने ठरलं नाही. दाराला सांगितलंय तेवढंच ते करतंय. हा तुपाचा धूर आहे, म्हणून आपण उभं राहून बोलतोय. कागदाचा असता तर एव्हाना मला बोलता आलं नसतं, आणि आपल्याला ऐकू आलं नसतं. दार उघडणारी डबी इथेच आहे. आपल्या तसबिरीमागे." महाराजांनी तसबिरीकडे पाहिले. तसबिरीतील महाराज दरी, डोंगर व घोडा यांसह फार निश्चिंत दिसत होते. मग महाराज भालदारांस म्हणाले, "बाजूला व्हा रे," आणि ज्यांनी जन्मात रुमालही उचलला नव्हता त्यांनी तसबिरीची एक कड दोन्ही हातांनी धरिली, आणि दुसरी कड पिराजी नाईकांनी धरिली, आणि नाईक म्हणाले, "सरकार, पाठ वाकवू नका, गुडघे वाकवा," आणि दोघांनी मिळून ती उचलून भिंतीस उलटी टेकविली. मागे हिरवी डबी. सगुणाबाई म्हणाल्या, "अंगठ्याने दाबा, महाराज." महाराजांनी दाबिली. काच कडकन मोडली, चौकटीच्या माथ्यावर टक् ऐसा लहानसा आवाज झाला, आणि दार आपल्याच वजनाने दोन बोटे उघडले आणि बाहेरचा थंड वारा आत आला. आणि तरी कोणी हालेना, कारण हुजुरांच्या आधी जाण्याची रीत नाही. तेव्हा महाराजांनी आईसाहेबांचा हात धरून त्यांस पुढे केले आणि स्वतः दार पाठीने धरून उभे राहिले, आणि सत्तर माणसे त्यांच्या समोरून एकेक गेली, आणि प्रत्येकास महाराज म्हणत, "चला, चला, सावकाश," आणि सगळ्यांत शेवटी दिवाण, वही छातीशी धरून, आणि त्यांच्यामागे महाराज.

अंगणात आल्यावर जे हसणे सुटले ते आवरेना. जिलबीची पाने मांडलेली होती, त्यांवर लोक धुरकटलेल्या तोंडांनीच बसले, पोतनिसांच्या मिशा तुपाच्या काजळीने काळ्या झाल्या होत्या आणि त्या कोणी पुसू देईना, नरहरभट शपथेवर सांगत होते की तूप बेतानेच घातले, आणि आईसाहेबांनी पिराजी नाईकांस आपल्या हाताने वाढिले आणि म्हणाल्या, "नाईक, पागोटं घरी ठेवलंत हे शहाणपणाचं केलंत, धुरानं खराब झालं असतं." हरबाजीपंत एकटेच उभे. मग ते वही मिटून सगुणाबाईंपाशी आले. ते म्हणाले, "बाई, मी कागद मोजले. माणसं मोजायची राहिली." सगुणाबाई म्हणाल्या, "मोजलीत की, दिवाणजी. आतल्या आत मोजलीत. इथे अंगणात मोजा, तेच शास्त्र आहे." मग दिवाणांनी तेथे उभ्याने हजेरी घेतली, एकाहत्तर माणसे आणि बाहेरचा हुजऱ्या, सर्व हजर, आणि ती त्यांच्या आयुष्यातील सर्वांत सुखाची हजेरी जाहली. सगुणाबाईंच्या हातात दाखल्याचा कागद होता, सही नसलेला. कारकून हुजुरांपुढे गेला, वही उघडिली, लेखणी बुडविली, आणि सवयीने "हुजूर" इतके लिहून थांबला. महाराजांच्या अंगठ्यास काचेचा ओरखडा होता, तो त्यांनी पाहिला, मग वर पाहिले, आणि सर्वांनी ओळखिले की आता पेरूची आठवण त्यांच्या मनात आली असावी, कारण त्यांनी दोनदा तोंड उघडून मिटले. ऐसे हे अकरा महिने, एकशे बारा दारे आणि एक प्रश्न यांचे वर्तमान, अधिक लिहावयाचे ते इतकेच, की तिसऱ्या वेळी महाराज सर्वांस ऐकू जाईल ऐशा आवाजात बोलिले, "लिहा. आत येणाऱ्याला दाराने खुशाल विचारावं. बाहेर जाणाऱ्याला या राज्यात कोणतंही दार काही विचारणार नाही, मलासुद्धा नाही. सगुणाबाई, आजच तारा बदला."